टोप्यांमध्ये आलेला चेहरा

मित्रांनो, मी एक जुना काळा पडदा आहे. क्वी वारली त्या सकाळी मी जावा बेटावर, डच राजवटीतल्या सुराबायात, आमच्या फोटोच्या दुकानात खुंटीला होतो. तिची थोरली बहीण घरातल्या पूर्वजांच्या वेदीवर ठेवायला तिचा फोटो मागू लागली. माझे मालक, म्हणजे क्वीचे नवरे लिम च्वान हॉक, खोक्यांमागून खोकी उपसत बसले. दुपार झाली, तरी तिचा एकही फोटो निघाला नाही.

“गावातल्या सगळ्या डच मडमांचे फोटो काढलेत, आणि घरच्या बाईचा एक नाही? आता उदबत्ती काय भिंतीपुढे लावू?” बहीण म्हणाली.

मालकांनी आणखी एक खोकं पुढे ओढलं. खरं तर तिला मीच झाकत आलो होतो.

मला क्वीनेच शिवलं. नाताळ जवळ आला की तुंजुंगान रस्त्यावरचे डच दुकानदार आपल्या काचेमागच्या मांडणीचा फोटो काढायला मालकांना बोलावत. पण काचेत समोरचा रस्ता, घोडागाड्या, बघे, सगळं उमटे. म्हणून कॅमेऱ्यामागे क्वी मला दोन्ही हातांनी उंच धरून माझ्याआड उभी राहायची, म्हणजे काचेत रस्त्याऐवजी फक्त माझा काळा रंग पडे. मग आतल्या टोप्या, लेस, बाहुल्या लख्ख येत. लोक वाहवा करत. मला फार अभिमान वाटे.

एकदा टोप्यांच्या दुकानासमोर वाऱ्याने मला क्षणभर खाली पाडलं. घरी येऊन मालकांनी फोटो जिच्यावर उमटतो ती काच औषधात धुतली.

“अगं, तुझं तोंड आलं की टोप्यांत!”

“मग? त्यातली कुठली शोभतेय तेवढं सांगा.”

“थट्टा पुरे. काच फुकट गेली.”

“फुकट कशी? माझ्या लोणच्याच्या बरणीला झाकण झालं.”

हे मालक विसरून गेले होते. क्वी गेली त्या दुपारी बहीण भेटायला आलेल्यांसाठी लोणचं काढायला गेली आणि झाकण हातात घेऊन बाहेर आली.

“ही कसली काळी काच?”

मालकांनी ती उजेडात धरली आणि तिच्यावरून फोटो छापायला अंधाऱ्या खोलीत शिरले.

आता वेदीवर क्वी आहे. सात डच टोप्यांच्या मधोमध, ओठ दाबून हसू आवरणारी.

“जरा थाटच दिसतोय,” बहीण म्हणाली. “असू दे. तिला आवडलं असतं.”

मित्रांनो, जे तुमच्यासाठी मागे उभे राहतात, त्यांना एकदा तरी समोर बसवा. वारा सुटायची वाट पाहू नका.

मालक मला रोज झटकतात, उन्हात घालतात. मी सुखात आहे. माझी खालची शिवण उसवली होती, ती क्वीने अर्धी घातली होती. सुई अजून तिथेच टोचलेली आहे. उरलेली अर्धी शिवण घालायची राहिली आहे.