चार अँपिअर

गुरुनाथने अँप्लिफायरच्या मागून दुसरा जळका फ्यूज उपसला आणि उजेडात धरून पाहिला. तो नेत्राच्या नवऱ्याच्या, परीक्षितच्या ऑफिसातला. कुणाचं काही बिघडलं की न बोलावता हजर. मागचा खटका त्याने बरोबर एकशेवीस व्होल्टवर सरकवला होता. पण अमेरिकेत व्होल्टेज अर्धं म्हणून पुण्यातल्या दोन अँपिअरच्या जागी एक अँपिअरचा फ्यूज बसवला होता, आणि तोही दोनदा.

व्होल्टेज अर्धं झालं की करंट दुप्पट लागतो, चार अँपिअरचा हवा, असं नेत्राने दारातूनच सांगितलं होतं. ऐकतो कोण? हा अँप्लिफायर तिने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी स्वतः बनवला होता; सासूबाईंनी दिलेला कुकर बॅगेतून काढून त्याच्या जागी हा इथे एडिसनला आणला होता. दोन वर्षं तो क्लॉजेटमध्ये पडून होता, आज स्पीकर आले. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही, एवढ्यावरून तिला काहीच येत नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि याचा तिला मनस्वी राग होता.

"वहिनी, थोडं फॉइल द्या. फ्यूजला गुंडाळतो, काम होऊन जाईल."

"फॉइल आहे. देणार नाही."

परीक्षित ओशाळून हसला. पाचला लोक येतायत, तू चहाचं बघ, म्हणाला.

"मी फ्यूज आणायला चालले. तोवर कुणी हात लावायचा नाही."

हार्डवेअरचं दुकान मैलभर दूर, रस्त्याला फुटपाथ नाही. गाड्या हॉर्न देत गेल्या. तिने चाल बदलली नाही. परत येऊन तिने चार अँपिअरचा, जरा दमाने जळणारा फ्यूज बसवला आणि सीडी लावली. लाल दिवा लागला तो लागलाच.

पाचला मंडळी जमली. समोसे देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवरचे होते. त्यातल्या पुरुषोत्तमकाकांना गाण्याचा शौक. आवाज फारच गोड आहे म्हणाले.

"फ्यूजचा प्रॉब्लेम होता, काका," परीक्षित म्हणाला. "मी आणि गुरुनाथने बसून सोडवला."

गुरुनाथ समोशात डोकं घालून बसला. नेत्राने ट्रे खाली ठेवला, प्लग उपसला, फ्यूज काढला आणि मुठीत धरला. गाणं मध्येच थांबलं.

"कितीचा होता, ते सांग ना काकांना."

परीक्षितने गुरुनाथकडे पाहिलं. त्याने दुसरा समोसा उचलला.

"नेत्राने आणला," तो शेवटी म्हणाला. "तिलाच माहीत होतं."

मूठ उघडली नाही. काकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"आणि हा अँप्लिफायर पण तिनेच बनवलाय. पूर्ण."

अमेरिकेत आल्यापासून हे त्याने पहिल्यांदा कुणाला सांगितलं होतं. काकांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि आतून कसा आहे ते बघायला मिळेल का, असं विचारलं. परीक्षितला नाही, नेत्राला.

ती त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

"चहा तू ठेव," ती परीक्षितला म्हणाली, "आणि जाता जाता तो स्क्रूड्रायव्हर दे."