बा. खो.

कुणालनं माउसनं नकाशातली भिंत कापली, तिथं दार बसवलं आणि खुर्ची मागं ढकलली. स्क्रीनवरचा चूक दाखवणारा लाल त्रिकोण गेला.

“खलास. म्हाताऱ्यानं डोकं खाल्लं नुसतं.”

म्हातारा म्हणजे मोरोबा विजयकर. मरून सव्वाशे वर्षं झालेला. त्यानं गिरगावात भाडेकरूंसाठी चार-चार मजली इमारती बांधल्या, आणि आता दोह्यातल्या एका बिल्डरला त्यातली शेवटची जशीच्या तशी इथं उभी करायची होती. नकाशावरची अक्षरं मराठी. ऑफिसात मराठी वाचणारा एकटा कुणाल, म्हणून म्हातारा त्याच्या गळ्यात पडला.

त्याची बायको मधुरा चहा घेऊन आली. शुक्रवारची, सुट्टीची दुपार होती. खिडकीबाहेर एक विमान इतकं खाली आलं की कपातला चहा थरथरला. विमानतळाजवळच्या अल थुमामात राहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पलीकडची छोटी खोली फेब्रुवारीपासून बंद होती. तिचा एसी मात्र चालूच असायचा. कोण लावतं, हे दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं.

“कसलं दार काढतोयस?”

“अगं, ह्या खोलीला दारच नाही. चारी बाजूंनी भिंत. आधीच्या सगळ्या बिल्डिंगांत आहे, स्वयंपाकघराला लागून. ह्यात विसरला. आणि नाव बघ. बा. खो. बाहेरची खोली. घराच्या पार पोटात, आणि म्हणे बाहेरची.”

मधुरा वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली.

“बाळंतिणीची,” ती म्हणाली.

कुणालनं कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला.

“म्हाताऱ्याची बायको कधी गेली?” मधुरानं विचारलं.

बिल्डरनं म्हाताऱ्याची माहिती पाठवली होती, एक पानभर. कुणालनं फोनवर ती उघडली. अंगठा सरकत गेला आणि थांबला.

“अठराशे एक्क्याण्णव साली. बाळंतपणात. मूलही गेलं.”

“आणि ही बिल्डिंग?”

“ब्याण्णव.”

“मग विसरला नाही तो.”

फोन वाजला. त्याचा मॅनेजर, अब्बास. “यल्ला भाई, भेजो ना. क्लायंट सामने बैठा है मेरे.”

“दो मिनट,” म्हणून कुणालनं फोन पालथा ठेवला. “दार ठेवावंच लागेल. दाराशिवाय खोली पास होत नाही इथं.”

“मग ठेव की. मी कुठं काय म्हटलं?”

त्यानं फाइल पाठवली. मधुरा गेली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

“मुलाचं नाव दिलंय त्यात?”

“नाही. नुसतं मूल म्हटलंय.”

“आपल्याकडं तरी काय. बेबी ऑफ मधुरा. पायाला पट्टी होती, तिच्यावरपण तेच.”

हॉस्पिटलचा विषय निघाला की कुणाल उठायचा. गाडीची चावी शोधायचा, कचरा टाकून यायचा. मधुरा त्याच्या पायांकडे बघत होती. पाय हलले. मग खुर्चीखाली गेले.

“मी ठेवलं होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“नाव. तुला घेऊन निघालो ना, तेव्हा गाडीत सुचलं. म्हटलं, झाल्यावर सांगू.”

“मला नाही सांगितलंस.”

“कसं सांगणार होतो?”

तिनं ओढणी सोडली. बोटावर लाल वळ उठला होता.

“सांग.”

त्यानं चहाचा कप पुढं ओढला.

“मुक्ता.”

मधुरानं ते एकदा मनात म्हटलं; ओठ नुसते हलले. मग मोठ्यानं म्हटलं. पोरगं आतल्या खोलीत कधीचं खेळत बसलंय आणि जेवायला येत नाहीये, तेव्हा आई जशी ओरडते, तसं.

मग दोघंही बंद खोलीच्या दाराकडं बघत राहिली.

उत्तर द्यायला लागतो तेवढा वेळ त्यांनी दिला.