जाळीवरच्या पिवळ्या फितीची साक्ष

मी एक फीत बोलतेय. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, रंगाने पिवळी आणि स्वभावाने, खरं सांगते, जरा उथळच. वाऱ्याची झुळूक लागली की माझ्या अंगात येतं. तरी आज जे सांगणार आहे ते शपथेवर सांगते, कारण माझ्या नाचण्यापायी एका भल्या बाईची तळघरात बदली होता होता राहिली.

माझा जन्म मोठ्या थाटात झाला. नव्या सार्वजनिक वाचनालयाचं उद्घाटन होतं. दारात मला आडवी ताणून बांधलेलं, तेव्हा मी चांगली सात हात लांब होते. अध्यक्षांनी कात्री उचलली, फोटोवाला म्हणाला, "हसा," अध्यक्ष हसले, कात्री चालली, पण कापलं काहीच नाही. कात्री बोथट! अध्यक्ष चार वेळा हसले, पाचव्यांदा चिडले, आणि तेव्हा कुठे मी तुटले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो माझ्यासाठीच आहे असं मला वाटलं आणि मी जी शेफारले ती शेफारलेच.

माणसांचं हे असं असतं. फीत कापेपर्यंत सगळ्यांचे डोळे तिच्यावर, कापली की तीच पायाखाली. पाहुणे चहाकडे धावले आणि मी फरशीवर लोळत पडले. मला उचललं ते एसीवाल्या मिस्त्रीने. त्याने माझा वीतभर तुकडा फाडला, शिडीवर चढला आणि वाचनकक्षाच्या छतातल्या जाळीला मला गाठ मारली.

"बाई, ही हलतेय तोवर यंत्र चालू समजा," तो खाली उभ्या असलेल्या ग्रंथपाल बाईंना म्हणाला. "लोंबकळली की मला फोन करा."

"बरी दिसतेय हो," बाई म्हणाल्या. "पोपटाला पिंजऱ्यात टांगल्यासारखी."

तिथून माझं नाचणं सुरू झालं. सकाळी नऊला यंत्र घुरघुरायचं, जाळीतून गार झोत यायचा आणि मी थुईथुई! त्या इमारतीच्या खिडक्या म्हणजे नुसती काच, उघडायची सोयच नाही. बाहेरची हवा आत यायची ती गच्चीवरच्या एका चौकोनी तोंडातून. तिथून ती पत्र्याच्या बोगद्यातून माझ्यापर्यंत पोचायची. मी स्वतःला त्या हवेची मालकीण समजायचे.

ग्रंथपाल बाईंचा मला फार लळा. एकवीस वर्षं त्या या कामात. वाचकाने तोंड उघडायच्या आत त्याचं पुस्तक काउंटरवर यायचं. पुस्तकांना मात्र पोटच्या पोरासारखं जपायच्या. कुणी पानाचा कोपरा दुमडला की त्यांच्याच अंगावर घडी पडायची.

दोन वर्षं सुखात गेली. मग शेजारची जुनी इमारत पाडायला घेतली आणि धूळ आमच्या जाळीतून आत येऊ लागली. बाई दिवसातून तीनदा कपाटं पुसायच्या आणि तीनदा डोळ्यांत पाणी आणायच्या. शेवटी त्यांनी मिस्त्रीला बोलावून काहीतरी बंदोबस्त करायला सांगितलं. तो गच्चीवर गेला, खाली आला, हात झटकले. धूळ थांबली. मी नाचतच होते. पुढे शेजारची पाडापाडही संपली.

आणि त्यानंतर काय झालं कोण जाणे, आमच्या वाचनालयात झोपेची साथ आली!

सकाळी सगळे ठीक असायचे. दुपारी तीनला पहिली जांभई सुटायची ती स्पर्धा परीक्षेवाल्यांच्या टेबलावर. तिथून ती हातोहात पुढे जायची. साडेतीनला निम्म्या माना खाली. पेपरवाले आजोबा तर पेपर तोंडावर घेऊनच घोरायचे, आणि त्यांच्या घोरण्याने पेपरही माझ्यासारखाच फडफडायचा. मला जोडीदार मिळाला म्हणून मी खूश.

पण बाईंची पंचाईत झाली. वाचक झोपला तर तो अभ्यासाने दमलेला, बाई झोपल्या तर त्या कामचुकार! त्यांनी चहा वाढवला, डोळ्यांना पाणी लावलं, डॉक्टरकडे जाऊन आल्या.

"रक्त उत्तम आहे म्हणे," त्या आजोबांना सांगत होत्या. "सून तर हसतेच मला. म्हणते, आई, घरी तुम्ही टक्क जाग्या असता, आणि कामावर कशा पेंगता?"

"वय झालं, बाई," आजोबा म्हणाले आणि बोलता बोलता झोपले.

एका दुपारी चारला अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आले. बाई काउंटरवर होत्या. हातात शिक्का, शिक्क्यावर कपाळ, आणि गाढ झोप. अध्यक्ष खाकरले तशा त्या दचकून उठल्या. कपाळावर निळ्या शाईत पुस्तक परत करायची तारीख ठसठशीत उमटलेली.

"वा," एक पाहुणा म्हणाला, "बाईंना पंधरा तारखेपर्यंत घरी नेता येईल तर!"

पाहुणे पोट धरून हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

"साहेब, इथे दुपारी फार जड होतं हो," बाई कशाबशा म्हणाल्या. "हवेचंच काहीतरी..."

"हवेचं?" अध्यक्षांनी बोट वर केलं ते थेट माझ्याकडे. "ती फीत बघा कशी नाचतेय! हवा खेळती आहे. झोप तुमच्या डोळ्यांत आहे, बाई. वार्षिक सभेत हा विषय घेतो. तळघरातली जुनी दप्तरं लावायला माणूस हवाच आहे. तिथे वाचक नाहीत, खुशाल झोपा."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्याकडून काउंटर काढून घेणं म्हणजे माशाला पाण्यातून काढणं. आणि मी? मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाने चारचौघांत माझं नाव घेतलं! मी आणखी जोरात नाचले. आठवलं की आजही लाज वाटते.

सभेचा दिवस उजाडला. वेळ दुपारी तीनची, जागा आमचाच वाचनकक्ष. दीडशे सभासद खुर्च्यांना खुर्च्या लावून बसले. बाहेरचा आवाज नको म्हणून दारं लावली, वर पडदेही ओढले. मिस्त्रीलाही बोलावलं होतं. यंत्र ठणठणीत असल्याचं त्याने सभेपुढे सांगायचं होतं. पहिल्या रांगेत टोकाला बाई बसल्या होत्या. हातातल्या रुमालाची पार गुंडाळी झाली होती.

अध्यक्षांनी कागद उघडला. "विषय क्रमांक एक. कामाच्या वेळी झोपणे. मंडळी, झोप हा शिस्तीचा शत्रू आहे..."

पंधरा मिनिटांत शेवटची रांग कलंडली. अर्ध्या तासात खजिनदारांची हनुवटी छातीला टेकली आणि चिटणीस त्यांच्या खांद्यावर विसावले. आजोबा तर नमस्कार-चमत्कार आटोपताच झोपले होते. अध्यक्ष नेटाने वाचत होते. "अशा निद्रिस्त वृत्तीमुळे... संस्थेची... जी काही... आपली..." आणि पुढचा शब्द आलाच नाही. कागद छातीवर, चष्मा ओठांवर, आणि काय ते घोरणं! बोथट करवतीने ओलं लाकूड कापावं तसं!

झोपेच्या आरोपावरची अख्खी सभा झोपली. एकट्या बाई जाग्या होत्या. भीतीने त्यांची झोप पार उडाली होती. त्या बावरून इकडे तिकडे बघत राहिल्या. हसावं की रडावं ते त्यांना कळेना. मला तर इतकं हसू फुटलं की गाठ सुटते की काय असं वाटलं.

इतक्यात दार किलकिलं करून मिस्त्री आत आला. केसांत जळमटं, हात काळे. सभेकडे बघून तो जागीच थबकला, मग चवड्यांवर चालत बाईंपाशी आला.

"बाई, सभेपुढे बोलायचं म्हणून म्हटलं सगळं तपासून घ्यावं," तो कुजबुजला. "फिल्टर धुवायला येतो मी, पण गच्चीवर कोण चढतंय? आज चढलो. हवेच्या तोंडावर फळी ठोकलेली आहे. वर गोणपाट. मीच ठोकलेलं."

"तू? कशाला रे?"

"तुम्हीच म्हणाला होतात! धुळीच्या वेळी. आठ दिवसांसाठी."

बाईंनी तोंडावर हात घेतला. "अगं बाई! त्याला दोन वर्षं झाली!"

"दोन वर्षं बाहेरची हवा आत नाही. सगळ्यांचा सोडलेला श्वासच यंत्र फिरवतंय. शिळंच गार करून पुन्हा पुन्हा वाढतोय आपण. झोप येणार नाही तर काय होणार?"

माझे तर पायच गळाले, म्हणजे असते तर. मी ज्या हवेची मालकीण म्हणून मिरवत होते ती हवा उष्टी होती! वारा हलतो म्हणून मी हलत होते, पण तो वारा ताजा आहे की शिळा, हे मला कुठे कळत होतं? आणि माझ्याच साक्षीवर या बाईला तळघरात धाडत होते.

"गप बसा," मिस्त्री म्हणाला. "सगळे झोपलेत. मी जाऊन फळी काढतो. कुणाला पत्ता लागणार नाही. यंत्र बिघडलं होतं, दुरुस्त केलं असं सांगू. तुमची बदली टळेल."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग दीडशे झोपलेल्या माणसांकडे. माझा जीव टांगणीला लागला, तशी मी टांगलेलीच होते म्हणा. त्या उठल्या. दोन्ही दारं सताड उघडली, पडदे सारले, आणि टेबलावर असा सणसणीत हात मारला की अध्यक्षांचा चष्मा उडाला.

"मंडळी, उठा! मला बोलायचंय."

लोक दचकून उठले. कुणी "हजर" म्हणालं, कुणी विनाकारण टाळ्या वाजवल्या.

"तुम्ही सगळे झोपला होतात," बाई म्हणाल्या. "त्यात तुमचा दोष नाही आणि मी झोपले त्यात माझाही नाही. पण हवेचं तोंड मी बंद करायला लावलं. पुस्तकांना धूळ लागू नये म्हणून. मग विसरले. पुस्तकं जपली आणि माणसं घुसमटवली. शिक्षा करायची तर झोपेची नको, त्या फळीची करा. ती मी भोगीन."

आजोबा काठी टेकत उभे राहिले. "म्हणजे माझं वय झालेलं नाही?" त्यांनी विचारलं. "दोन वर्षं मी उगाच मृत्युपत्र लिहितोय की काय?"

अशी काही हसली ती सभा! चिटणीसांना ठसका लागला. अध्यक्ष आधी लाल झाले, मग खांदे हलू लागले, मग तेही फुटले. डोळे पुसत त्यांनी निर्णय सांगितला. बदली रद्द. फळीची शिक्षा म्हणून बाईंनी दर महिन्याच्या एक तारखेला मिस्त्रीबरोबर गच्चीवर चढायचं आणि हवेचं तोंड स्वतः बघून वहीत सही करायची.

"आणि माझे गुडघे?" बाई म्हणाल्या.

"मी येतो ना सोबत," अध्यक्ष म्हणाले. "झोपलो तर मीही होतो."

मिस्त्रीने फळी उखडली, आत बारीक जाळीचा नवा फिल्टर बसवला, म्हणजे धूळ बाहेर आणि हवा आत. मग मला खालून सोडून गच्चीवरच्या त्या तोंडापाशी बांधलं. आता मी बाहेर उडत नाही, आतल्या बाजूला ओढली जाते. उन्हाने माझा रंग उडालाय, कडा उसवल्यात. पण आता नाचते ती खरं नाचते.

तुम्हीही कुठल्या तरी बंद काचांच्या इमारतीत दिवस काढत असाल. शेजारचा पेंगायला लागला तर त्याला आळशी म्हणायच्या आधी विचारा, इथे बाहेरची हवा येते कुठून? आणि जाऊन ते तोंड बघून या. जाळीला बांधलेल्या फितीवर विसंबू नका, आम्ही कशावरही नाचतो.

चार वाजले वाटतं. बोगद्यातून खालचा आवाज येतोय. परीक्षेवाले वाद घालतायत, आजोबा बातमी मोठ्याने वाचून दाखवतायत, कुणीतरी खिदळतंय. आणि त्या सगळ्यावर बाईंचा खणखणीत आवाज, "अहो, हे वाचनालय आहे! जागे आहात ते दिसतंय, जरा हळू!"