स्क्रीनचा उजेड

“परत उजेड,” डोळ्यांवर आडवा हात धरून बायको म्हणाली. “तीस वर्षं कचेरीतली यंत्रं सांभाळलीत ना हो? एक दिवा विझवता येईना?”

निवृत्त कॉम्प्युटर ऑपरेटरांनी हा घरचा आहेर पदरात घेतला. बायकोचं दुखणं आता बरं होण्यातलं नव्हतं आणि उजेड तर तिला अजिबात सोसत नसे. पण दूरदेशी असलेल्या लेकीच्या घरातले आवाज तिला दुपारभर हवे असत. बोलणं बेताचंच. पडदे ओढलेल्या खोलीत लॅपटॉपवर लेकीचा कॉल चालूच असे; त्यातून भांड्यांची आदळआपट ऐकू येई, नळ वाहे, मधूनच “आई, आहेस ना?” आणि इकडून “आहे गं.” तेवढ्यावर तिचा दिवस निघे.

झाकण मिटलं की लॅपटॉप झोपी जाई आणि लेकीचं स्वयंपाकघर गायब. वर टॉवेल टाकून पाहिला, तर आतला पंखा घरघरू लागला. शिवाय टॉवेल टाकायला ऑपरेटर कशाला हवा?

नुसती स्क्रीन विझवून बाकी सगळं चालू ठेवणारी कमांड त्यांना पाठ होती. ती लिहून ते एंटर दाबत. स्क्रीन विझे आणि लगेच पेटे. तीन दिवस त्यांनी लॅपटॉपच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चौथ्या दिवशी बायकोच म्हणाली, “बटण दाबलंत की काळोख होतो, बोट उचललंत की उजेड. त्याला जरा थांबायला सांगा. मला सांगत आलात तसं.”

खरंच की. बोट उचललं, तरी यंत्राला वाटत होतं, कुणीतरी हाक मारली. त्यांनी कमांडच्या आधी एक सेकंद थांबण्याची सूचना घातली, एंटर दाबला आणि हात मांडीवर घेतला. खोली काळोखली. काळोखात लेकीचा नळ वाहत राहिला.

“जमलं की,” बायको म्हणाली. इतकी शाबासकी साहेबांनी निरोप समारंभातही दिली नव्हती.

मग रोज जेवणं उरकली की ती कमांड. विसाव्या दुपारी लेकीने विचारलं, “आई, आहेस ना?”

उत्तर गेलं नाही. ऑपरेटरांनी बायकोचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

“बाबा, झोपली का ती?”

“थांब हं, बाळा. एक सेकंद.”

त्यांनी चाचपडत एक बटण दाबलं. उजेड थेट बायकोच्या चेहऱ्यावर पडला. तिचा हात डोळ्यांकडे गेला नाही.