घरच्याच लोकांचा गोंगाट

ऑगस्टमध्ये देशातल्या सगळ्या कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉल संघांची क्रमवारी आली, त्यात ऑल्ड्रिजच्या संघाचं, म्हणजे आपल्या बगळ्यांचं, नाव चौथं निघालं, आणि तिथून गावच कामातून गेलं. चौथं म्हणजे काय, अजून एक सामना खेळलेला नाही, आणि देशात चौथे! न्हाव्याच्या दुकानात केस कमी आणि गप्पाच जास्त कापल्या जायला लागल्या. पाद्रीबाबा प्रार्थनेच्या शेवटी हळूच बगळ्यांचे गुडघे देवाच्या स्वाधीन करायचे. आणि लिंडेल प्रूएटला रस्त्याने चालणं मुश्किल झालं. एरवी त्याला ओळखणार कोण? तो सेंटर. म्हणजे ओळीच्या मधोमध वाकून उभं राहायचं, चेंडू दोन पायांमधून मागे जेसकडे, म्हणजे डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅककडे, फेकायचा आणि समोरून येणारा डोंगर छातीवर घ्यायचा. अशा माणसाला लोक आता पेट्रोल पंपावर गाठून विचारत होते, "काय लिंडेल, फायनलची विमानाची तिकिटं आत्ताच काढून ठेवू का? नंतर महागतील."

पहिला सामना बाहेरगावी होता. समोरचा संघ अगदीच किरकोळ, आणि बगळे कसेबसे, धापा टाकत जिंकले. गाव म्हणालं, असू दे, पोरं घरच्या मैदानावर येऊ देत, मग दाखवतील.

आली पोरं घरच्या मैदानावर. समोर मॅडॉक स्टेट. सप्टेंबरचं जॉर्जियातलं ऊन, सकाळपासून गाड्यांच्या तळावर शेगड्या पेटलेल्या, डुकराच्या फासळ्यांचा वास थेट कपडे बदलायच्या खोलीत येत होता. आणि स्टेडियम काठोकाठ. नुसतं भरलेलं नाही, नव्या लोकांनी भरलेलं. घोळ तिथेच होता.

जुन्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. चेंडू समोरच्यांकडे असला की घसा फाटेस्तोवर ओरडायचं, म्हणजे त्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही. चेंडू आपल्याकडे आला की तोंडात उकडलेले शेंगदाणे टाकायचे आणि गप्प बसायचं. कारण जेस मागून आरोळी देणार, त्या आरोळीवर लिंडेल चेंडू सोडणार, आणि तोवर ओळीतल्या एकानेही हलायचं नाही. हलला की पंचाचा पिवळा रुमाल आणि पाच यार्ड मागे. पण यंदा बगळे चौथे आहेत म्हणून आलेल्या या नव्या मंडळींना हे कुठलं माहीत? ते आपले सतत ओरडत होते. प्रेमाने ओरडत होते, बिचारे.

लिंडेलला जेसचा आवाजच येईना. पहिल्यांदा ओळीतला एक जण आधीच हलला. रुमाल. मग दुसरा हलला. रुमाल. मग लिंडेलला वाटलं आरोळी आली, त्याने चेंडू सोडला, आणि जेस तेव्हा बाजूच्या गड्याला काहीतरी सांगत होता. चेंडू त्याच्या कानाजवळून गेला तो थेट मॅडॉकच्या एका गड्याच्या पोटाशी. मध्यंतराला तीन विरुद्ध चौदा, आणि आपण तीन.

आत गेल्यावर कोच वॉल्ड्रप थेट लिंडेलसमोर येऊन उभे राहिले. लिंडेलने चाचरत सांगितलं की कोच, बाहेरगावी करतो तसं करू या का, खुणांवर. परक्या मैदानावर गोंगाटात काही ऐकू येत नाही, तेव्हा जेस पाय उचलतो, लिंडेलच्या शेजारचा मिंगो वाकून मागे बघत असतो, तो लिंडेलच्या मांडीवर थाप मारतो, लिंडेल मान वर करतो, मनात एक म्हणतो आणि चेंडू सोडतो. सगळी ओळ चेंडूकडेच बघत असते. आवाजाची गरजच नाही.

कोचचा चेहरा लाल झाला. आपल्याच घरात, आपल्याच लोकांसमोर बहिऱ्यासारखं खेळायचं? ते पाहुण्यांनी करावं. वर हेही सांगितलं की आणखी एक चूक झाली तर लिंडेल बाकावर बसेल, आणि आजच्यापुरता नाही, अख्खा हंगाम.

आता विचार करा. चार वर्षं घासल्यावर मिळालेली जागा, शेवटचं वर्ष, आणि हा माणूस सांगतोय की जे ऐकूच येत नाही ते नीट ऐक.

लिंडेल मैदानात उतरला, खाली वाकला, कानात नुसता समुद्र. त्याने मिंगोकडे बघितलं. म्हणाला, "थाप मार."

मिंगो म्हणाला, "कोच तुला कच्चा खाईल."

"आवाज ऐकून खेळलो तरी खाणारच आहे. जेसला सांग."

थाप, मान, एक, चेंडू. कोणी हललं नाही. पुन्हा थाप, मान, एक. दहा यार्ड, पंधरा यार्ड, रुमाल खिशातच. आणि बगळ्यांनी चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन ठोकलं, एकूण सात गुण. दहा विरुद्ध चौदा. लोक तर वेडेच झाले, आवाज आणखी वाढला.

बाहेर येताच कोचने लिंडेलच्या हेल्मेटची जाळी धरून त्याचं तोंड आपल्याकडे ओढलं. "मी काय सांगितलं होतं?"

"नको म्हणाला होतात, कोच."

"मग ऐकू नाही आलं?"

"ते आलं ना. आत कोणी ओरडत नव्हतं."

मिंगोने घाईघाईने पाण्याची बाटली तोंडाला लावली. कोचने जाळी सोडली. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. बाकावर बस, असंही म्हणाले नाहीत.

शेवटचं मिनिट. अजून दहा विरुद्ध चौदा. चेंडू आपल्याकडे, चौथा आणि शेवटचा प्रयत्न, चार यार्ड पाहिजेत. नाही मिळाले तर चेंडू त्यांचा आणि खेळ खलास. पण मॅडॉकचा मधला पहिलवान आता शहाणा झाला होता. मागच्या दोन्ही वेळा तो चेंडूबरोबरच लिंडेलच्या अंगावर आला होता. वाकता वाकता जाळीला जाळी भिडवून तो गोड आवाजात म्हणाला, "तू मान उचलतोस ना राजा, मला तेवढं पुरतं."

लिंडेलने ते ऐकलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याने वेळ थांबवायची खूण केली, सगळ्यांची डोकी एकत्र आणली आणि बोटं दाखवून समजावलं. यावेळी एकवर नाही, तीनवर. मान नेहमीसारखीच उचलणार, पण चेंडू सोडणार नाही. काहीही होवो, चेंडू हलेपर्यंत दगड व्हा. जेस म्हणाला, आपलाच एखादा हलला तर? लिंडेल म्हणाला, मग मी हंगामभर तुझ्यासाठी बाकावरून टाळ्या वाजवीन.

परत ओळीत जाताना जेस लोकांना दोन्ही हातांनी खाली बसा, गप्प राहा अशी खूण करायला लागला. लिंडेलने त्याचे हात खाली केले. मग स्वतःच स्टँडकडे वळला, आणि त्या तीनशे पौंडांच्या गड्याने दोन्ही पंजे वर नाचवले. ओरडा. अजून ओरडा. कारण आता पहिलवानाजवळही कान नव्हते, फक्त लिंडेलची मान होती.

काय आवाज झाला म्हणता. बाकं थरथरली. कडेला कोच वॉल्ड्रपनी आधी डोक्याला हात लावला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनीही टोपी काढून लोकांकडे फिरवली.

थाप. मान वर. एक.

पहिलवान झेपावला. थेट लिंडेलला पार करून, जेसच्या पायाशी जाऊन आदळला. चेंडू गवतावर होता तिथेच होता. आपल्यातला एकही हलला नव्हता. पिवळा रुमाल उडाला, आणि या वेळी पंचाचं बोट मॅडॉककडे होतं. पाच यार्ड फुकट, आणि हवे होते चारच, म्हणजे आता नवे चार प्रयत्न.

मग पुढचे दोन डाव ते सगळे बिचकून, टाचांवर बसल्यासारखे खेळले. मान वर झाली तरी हलायची भीती, नाही हलावं तर चेंडू गेलेला. शेवटच्या रेषेला तीन यार्ड उरले, काही सेकंद उरले. लिंडेलने यावेळी मान उचलली आणि लगेच सोडला चेंडू, पहिलवानाच्या बरगड्यांत खांदा घातला आणि ढकलत ढकलत, ढकलत ढकलत त्याला रेषेपलीकडे नेऊन निजवला. जेस चेंडू घेऊन त्याच्या पाठीला चिकटूनच आत आला. टचडाउन, आणि सामना बगळ्यांचा.

नंतर पोरं मैदानातून बाहेर निघाली तेव्हा कुंपणापाशी नवीकोरी टोपी घातलेल्या एका बाईने लिंडेलचा हात दोन्ही हातांत धरला. घसा पार बसलेला, शब्द फुटत नव्हते. कशीबशी म्हणाली की आयुष्यात पहिल्यांदाच सामना बघायला आले रे बाळा, आम्ही ओरडलो त्याचा उपयोग झाला का काही?

मिंगो हसू दाबत दुसरीकडे बघायला लागला.

लिंडेलने हेल्मेट काढलं. "मावशी," तो म्हणाला, "तुम्ही गप्प बसला असता ना, तर हरलो असतो."