माझी दोन कुंपणं

सकाळी नऊ वाजता रुग्णालयाच्या नोंदणी कक्षात बाईंनी माझी दोन्ही कुंपणं काढली.

मित्रांनो, मी एक जुना शोधनमुना आहे. मला लोखंड नाही, लाकूड नाही. संगणकाच्या शोधचौकटीतली मी काही चिन्हं आहे. शब्दाच्या आधी एक कुंपण, शब्दानंतर एक. ‘घर’ मागा, मी ‘घर’च आणतो, ‘घरटं’ आणि ‘घरघर’ यांना हातही लावत नाही. चांदणीचं चिन्ह वेगळं. ते शब्दाच्या दोन्ही बाजूंना बसवलं, की आजूबाजूला काहीही चिकटलेलं चालतं. आमच्या कक्षात चांदणीला कोणी बोलवत नसे.

“फालतू काही आणत नाही,” असं साहेब पाहुण्यांना माझ्याविषयी सांगत. ते दिवस चांगले होते. पुढे कौतुक संपलं. लोक शब्द टाकत, मी उत्तर देई, खिडकी बंद होई.

कक्षाच्या खिडकीशी एक आजी वर्षानुवर्षं येत. त्यांचा धाकटा भाऊ खलाशी होता. तो तापाने फणफणला, तेव्हा सोबत्यांनी त्याला इथे आणून सोडलं आणि जहाज निघून गेलं. सोबत्यांना त्याचं टोपणनाव तेवढं ठाऊक होतं: मोती. आजी विचारत, बाई टाइप करत, मी सांगे: सापडले नाही.

कुंपणं निघाली त्याच्या आदल्या दिवशी रुग्णालयाचे जुने टंकलेखक औषधं न्यायला आले होते. त्यांनी टाइप केलेली पानं पुढे जशीच्या तशी संगणकात चढवली गेली होती.

“आमच्या यंत्राची जागा सोडायची पट्टी अडकायची,” ते सहज म्हणाले. “मग काय, शब्दाला शब्द चिकटवायचा आणि मोकळं व्हायचं.”

बाईंचा चहा हातातच राहिला. “काका, हे आत्ता सांगताय?”

“विचारलंत कधी?”

म्हणून सकाळी कुंपणं गेली, चांदण्या आल्या. पडदा भरून गेला. डोळ्यांच्या विभागातले सगळे मोतीबिंदू उतरले.

“एवढे मोती?” आजींनी विचारलं.

“मोतीबिंदू आहेत, आजी. हे वाचून मलाही होणार आता.”

साहेब आले. “बाई, रांग दारापर्यंत गेलीय. आवरा हा पसारा.”

“वाचल्याशिवाय नाही कसं म्हणू, साहेब?”

बाई वाचत राहिल्या. दुपारी ती ओळ आली: ‘मोतीखलाशीतापडाव्यामनगटावरभाजल्याचीखूण’. बाईंनी ती तोडून तोडून वाचली.

आजींनी खिडकीचा कट्टा धरला. “तापलेल्या इस्त्रीला हात लावला होता मेल्याने. ऐकायचा कुणाचं?”

तो बरा झाला की दगावला, बरा होऊन कुठे गेला, यापुढे काही टाइप केलेलं नव्हतं. बाईंनी मूळ कागदासाठी तळघरात फोन केला. “बघून कळवतो,” असं उत्तर आलं.

मित्रांनो, नेमकं तेवढंच शोधणं हे माझं काम आहे आणि मी ते चोख करतो. पण मी ‘नाही’ म्हटलं, तर मूळ नोंद कोणी आणि कशी लिहिली होती, एवढं विचारल्याशिवाय माणसाला परत पाठवू नका. ते विचारणं मला जमत नाही.

साडेचारला साहेबांनी माझी कुंपणं परत लावून घेतली. तळघरातून अजून कळवलेलं नाही. आजी बाकावर आहेत. ‘मोती’ टाकलं, की मी आताही सांगतो: सापडले नाही.