मुका फुटाणा

अबे, ऐका ना. अकोल्यातल्या आमच्या खोलीत कुत्रं चालत नाही, घरमालकीण कौशल्याकाकूनं पयल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून आमी फुटाण्याले लपवून ठेवलं अन् भुंकायचंच नाही असं शिकवलं. गप बसला की बिस्किट.

मागच्या शनवारी माह्या अन् माह्या बायकोच्या, आकांक्षाच्या, सुट्ट्या वर्षातून पयल्यांदा जुळल्या. परतवाड्याची बस होती, मेळघाटात पाखरांचे फोटो काढाचे होते, फुटाणाही पिशवीतून येणार होता. निघता निघता दोघंही बाल्कनीतले कपडे काढाले गेलो. फुटाण्यानं आतून बाल्कनीच्या दारावर उडी मारली अन् कडी पडली. मोबाईल आत, गॅसवर दूध.

भर उन्हात उभे आमी. फुटाणा खिडकीतून पाहून राहिला, गपचूप.

"काकूले हाक मारू?" आकांक्षा म्हणे.

"खोली जाईन ना."

"दूध उतू जाऊन गॅस विझला तर आत तो मरन." अन् तिनंच हाक मारली.

काकू दुसरी चावी घेऊन आल्या. आधी गॅस बंद केला, मंग कडी काढली. फुटाणा त्याईच्या पायाशी.

"कधीपासून आहे हा?"

"तीन महिने झाले, काकू."

"अन् आवाज कसा नाही आला?"

आकांक्षानं बिस्किटाचं सांगितलं.

"मुकं करून टाकलं व पोरी त्याले," काकू म्हणाल्या. "एक तारखेपर्यंत दुसरी खोली पाहा."

बस तर गेलीच. आता खोल्या पाहून राहिलो. रोज संध्याकाळी आकांक्षा त्याच्यासमोर बसून भू-भू करते, अन् तो गप बसून बिस्किटाची वाट पाह्यते.